मोबाइलची बॅटरी: आजचा प्रश्न वेगळा, तीन वर्षांनंतरचा वेगळा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की मोबाइलची बॅटरी वाचवण्याच्या सूचना व्हॉट्सॲपवर फिरू लागतात आणि त्यांतल्या काही वर्तमानपत्रांच्या चौकटींतही येऊन बसतात. 'बॅटरी शून्यावर आल्याशिवाय चार्जिंगला लावू नका', 'नवा फोन आधी आठ तास चार्ज करा', 'मागची ॲप सतत बंद करत राहा', 'रात्रभर चार्जर लावला तर बॅटरी फुटते', वगैरे. पहिल्या दोन सूचना जुन्या फोनमधल्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातल्या आहेत. आजच्या फोनसाठी पहिली अपायकारक, दुसरी निरर्थक. तिसरीने बॅटरीचा खर्च बहुधा वाढतोच. चौथीत थोडे तथ्य आहे, पण कारण भलतेच सांगितले जाते. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर येणारे निम्मे प्रश्न याच सूचनांतून जन्मतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

या सगळ्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. सकाळी भरलेला फोन संध्याकाळपर्यंत का पुरत नाही, हा एक. दोन-तीन वर्षांनी तोच फोन दुपारीच मान का टाकतो, हा दुसरा. पहिला प्रश्न खर्चाचा आहे, दुसरा बॅटरीच्या वयाचा. दोहोंचे उपाय वेगळे आणि काही वेळा चक्क उलटे. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवले तर बॅटरी जास्त वर्षे टिकते, पण आजचा दिवस अपुरा पडतो.

आधी वयाचे बघू. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली. रसायने पुष्कळ सुधारली, पण मूळ मांडणी तीच आहे. एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूचे ऑक्साइड, मध्ये ज्वालाग्राही द्रावण. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरतात, फोन वापरताना परत फिरतात. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर द्रावणाचे विघटन होऊन एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो लागतोच, त्याच्याशिवाय बॅटरी चालणार नाही. पण तो हळूहळू जाड होत राहतो आणि प्रत्येक वाढीत थोडे लिथियम कायमचे अडकते. अडकलेले लिथियम म्हणजे गेलेली क्षमता. ही वाढ वेगाने होते ती दोन कारणांनी: उष्णता आणि वरचे व्होल्टेज. फोनवर १०० टक्के दिसतात तेव्हा आतला सेल साधारण ४.४ व्होल्ट किंवा त्याहून थोडा वर असतो, निम्म्यावर ३.८५ च्या आसपास. म्हणजे भरलेली बॅटरी ताणाखाली असते, आणि भरलेली शिवाय तापलेली बॅटरी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

किती फरक पडतो? या क्षेत्रात सर्रास वापरले जाणारे ढोबळ आकडे असे: ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंश सेल्सिअसला वर्षभर नुसती ठेवली तर सुमारे ४ टक्के क्षमता जाते. त्याच तापमानाला पूर्ण भरून ठेवली तर सुमारे २० टक्के. पूर्ण भरून ४० अंशांत ठेवली तर ३५ टक्क्यांच्या आसपास. सेलच्या घडणीनुसार आकडे मागेपुढे होतात, क्रम बदलत नाही. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा फोन काहीही न करता त्या तिसऱ्या आकड्याकडे जाऊन बसलेला असतो. पुण्या-नाशिकच्या माणसाने तेवढी काळजी केली नाही तरी चालेल. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या माणसाने केलीच पाहिजे.

सर्वांत वाईट वागणूक मिळते ती दुचाकीच्या हँडलवरच्या फोनला. डिलिव्हरीचे काम करणारी मुले दिवसभर हेच करतात: वरून ऊन, स्क्रीन पूर्ण उजेडात, जीपीएस आणि डेटा चालू, आणि त्यातच गाडीच्या सॉकेटवरून चार्जिंग. लिथियमचा सेल चार्ज करण्याची सुरक्षित मर्यादा सर्वसाधारणपणे ० ते ४५ अंश मानतात. त्यापुढे फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो, आणि मुले म्हणतात चार्जर बिघडला. तो बिघडलेला नसतो. उपाय सोपे आहेत. होल्डरवर छोटी छत्री बसवा (ती बाजारात मिळते). जाड रबरी कव्हर काढा. ६७ वॉटच्या चार्जरऐवजी साधा १० वॉटचा लावा. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, आणि सरळ लांब रस्त्यावर स्क्रीन बंद करून आवाजावर भागवा. चार्जिंगची निकडच असेल तर ते सावलीत, गाडी थांबवून उरका. बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून जेवायला जाणे हा त्याच जातीचा प्रकार. फोन तापला म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारेही भेटतात. बाहेर काढल्यावर हवेतल्या बाष्पाचे आत पाणी होते आणि बोर्ड गंजतो. पंख्याखाली, कव्हर काढून, टेबलावर पालथा ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत थंड होतो.

आता रात्रभराच्या चार्जिंगचे. चांगल्या फोनमध्ये बॅटरी भरली की प्रवाह आपोआप तुटतो, त्यामुळे 'जास्त भरून' ती फुटत नाही. नुकसान होते ते फोन सहा-सात तास १०० टक्क्यांवर, अनेकदा उशीखाली किंवा गादीवर, गरम राहतो म्हणून. यासाठी जवळपास सगळ्या कंपन्यांनी सोय दिली आहे. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी प्रोटेक्शन. आयफोन १५ आणि पुढच्या मॉडेलमध्ये बॅटरीखालच्या चार्जिंगच्या पर्यायात ८० टक्क्यांची मर्यादा लावता येते, आणि आयओएस १८ पासून ८० ते १०० मधली मर्यादा पाच-पाच टक्क्यांनी निवडता येते. पिक्सेल, वनप्लस वगैरेंमध्येही ८० टक्क्यांचा पर्याय आहे, नाव थोडे वेगळे. मर्यादा लावूनही फोन अधूनमधून १०० पर्यंत जातो. बॅटरीचा अंदाज नीट राहावा म्हणून तो मुद्दाम तसे करतो, सेटिंग बिघडलेली नसते. दिवसभर घरात-कार्यालयात चार्जरजवळ असणाऱ्याने ८० लावावे. सकाळी ठाण्याहून निघून रात्री परतणाऱ्याने लावू नये. बॅटरीची चार वर्षे वाचवायला रोज लोकलमध्ये बंद फोन घेऊन उभे राहण्यात शहाणपण नाही.

खालच्या टोकाबद्दल: २० टक्क्यांच्या आसपास चार्जिंगला लावणे बरे, पण एखाद्या दिवशी ५ वर गेला म्हणून काही होत नाही. मात्र बंद पडलेला फोन तसाच कपाटात सहा महिने ठेवू नका. सेल इतका रिकामा होतो की संरक्षण सर्किट त्याला पुन्हा चार्ज होऊ देत नाही. जुना फोन ठेवायचाच असेल तर निम्मा भरून, बंद करून, थंड जागी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणून. चार्जिंगचे 'चक्र' म्हणजे चार्जर लावण्याची खेप नव्हे. एकूण १०० टक्के वापरले की एक चक्र. आज ५० आणि उद्या ५० मिळून एकच. त्यामुळे दिवसातून तीनदा थोडे थोडे चार्ज करण्यात तोटा नाही, उलट फायदाच.

फास्ट चार्जिंगने बॅटरी मरते का? प्रवाहापेक्षा तापमानाने जास्त. जोराचा प्रवाह सुरुवातीच्या टप्प्यातच असतो. बॅटरी भरत आली की फोन तो कमी करत नेतो, म्हणून शेवटच्या १० टक्क्यांना इतका वेळ लागतो. एसीच्या खोलीत ६७ वॉट चालेल, मेच्या दुपारी पत्र्याच्या टपरीत चालणार नाही. रात्री घाई नसताना जुना १० वॉटचा चार्जर काढा. वायरलेस पॅडवर उष्णता वायरपेक्षा जास्त होते, फोन त्यावर वाकडा ठेवला तर आणखीच.

आता दिवसभराच्या खर्चाकडे वळू. इथे बहुतेक जण चुकीच्या जागी काटकसर करतात. ब्लूटूथ नुसते चालू असण्याचा खर्च आज नगण्य आहे. मोठे खर्च तीन: स्क्रीन, नेटवर्क, आणि फोनला झोपू न देणारी ॲप.

स्क्रीनचे थोडक्यात. एलसीडी स्क्रीनमध्ये मागचा दिवा कायम जळतो, तिथे डार्क मोडने, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीने, काही वाचत नाही. ओएलईडी किंवा ॲमोलेड असेल तर काळा ठिपका जळतच नाही, म्हणून वाचते, पण किती ते उजेडावर ठरते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात उजेड ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडमुळे सरासरी ३ ते ९ टक्केच बचत दिसली, पूर्ण उजेडात मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात डार्क मोड ही केवळ आवडनिवड, आणि उन्हात तो खरा उपाय. रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीनवरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा, १२० हर्ट्झवरून ६० वर आणल्यानेही फरक पडतो, आणि वयस्कर वापरकर्त्याच्या तो लक्षातही येत नाही.

नेटवर्कबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे बॅटरी खाणारी ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. टॉवर जवळ असेल तर फोन कुजबुजतो. दूर असेल तर कमाल शक्तीने, ४जीमध्ये सुमारे २०० मिलिवॉटने, ओरडतो, आणि ती शक्ती निर्माण करणारा ॲम्प्लिफायर स्वतः त्याच्या कित्येक पट वीज खातो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सिग्नल डीबीएम या मापात दिसतो; आकडा शून्यापासून जितका दूर तितका सिग्नल कमजोर. उणे ८५ ते ९५ उत्तम, उणे ११० च्या खाली गेला की बॅटरी झपाट्याने उतरू लागते. तळकोकणात, आंबेनळी-ताम्हिणीसारख्या घाटांत, जाड भिंतींच्या जुन्या घरांत हे नेहमीचे.

त्यात दोन सिमची भर. मुंबईला असताना दोन्ही सिमला रेंज, आणि गणपतीला गावी गेले की तिथे एकाच कंपनीचा टॉवर. दुसरे सिम दिवसभर टॉवर शोधत राहते. 'गावी गेले की फोन टिकत नाही, तिथल्या लाइटचे व्होल्टेज कमी असणार' असे निदान ऐकायला मिळते. लाइटचा संबंध नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन रेंज नसलेले सिम तेवढ्यापुरते बंद करा, सिम काढायचीही गरज नाही. बँकेचा ओटीपी त्या नंबरवर येत असेल तर रेंज असलेल्या जागी पाच मिनिटे चालू करा. घाटातून एसटीने जाताना विमान मोड. घरी वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा, म्हणजे आतल्या खोलीत फोनला टॉवरपर्यंत ओरडावे लागत नाही.

५जीही याच हिशेबातले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी आपल्याकडे सुरू झाले, पण ज्या जाळ्यात ५जी हे ४जीच्या आधाराने चालते तिथे फोनला दोन्ही जोडण्या सांभाळाव्या लागतात. खुणेवर ५जी आणि ४जी दर मिनिटाला अदलाबदल करत असतील तर 'प्रिफर्ड नेटवर्क'मध्ये ४जी किंवा एलटीई निवडा. व्हिडिओ तेवढेच नीट चालतात. मात्र त्याच यादीतले २जी किंवा ३जी निवडू नका. जिओला ती जाळीच नाहीत, फोन येणेच बंद होईल.

ॲपचे असे. वर सरकवून बंद केलेले ॲप पुन्हा उघडताना सगळे नव्याने लोड करते, आणि त्यात प्रोसेसरला जास्त काम पडते. अँड्रॉइड ६ पासून फोन स्थिर असला की ॲपना झोपवण्याची व्यवस्था आहे, अँड्रॉइड ९ पासून कोणते ॲप किती वापरता यावरून ती आणखी शिकते. तिला काम करू द्या. 'बॅटरी सेव्हर', 'क्लीनर', 'फोन कूलर' नावाची ॲप घेणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ती स्वतः मागे चालत राहतात आणि जाहिराती दाखवतात. खरे काम असे करा: बॅटरी युसेजची यादी उघडा. दहा मिनिटे वापरलेले ॲप जर तासभर वापरलेल्या ॲपच्या वर बसले असेल तर तो चोर. त्याचे लोकेशन 'फक्त वापरताना' करा, बॅटरीचा वापर 'रिस्ट्रिक्टेड' करा. पण गजर, व्हॉट्सॲप, साखर मोजणाऱ्या सेन्सरचे ॲप आणि दुकानातले यूपीआयचे ॲप यांना हा नियम लावू नका. पैसे आल्याची सूचना अर्ध्या तासाने येईल आणि काउंटरवर भांडण होईल. व्हॉट्सॲपच्या 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये मोबाइल डेटावरचे आपोआप डाउनलोड बंद केले की सुप्रभातचे दोनशे व्हिडिओ तुमच्या बॅटरीवर उतरत नाहीत.

दोष नक्की कुठे आहे हे घरच्या घरी ओळखता येते. झोपताना टक्केवारी लिहून ठेवा, फोन चार्जरविना ठेवा, सकाळी बघा. सात-आठ तासांत ३ ते ६ टक्के उतरणे सामान्य. १५ उतरले तर दुसऱ्या रात्री तेच विमान मोडमध्ये करून बघा. उतार थांबला तर नेटवर्क किंवा नेटवर्क वापरणारे ॲप. तरीही उतरतच असेल तर बहुधा आतला दोष, बोर्डवर कुठेतरी गळती किंवा पाणी गेलेले, आणि मग बॅटरी बदलूनही पैसे वाया जाऊ शकतात. हे न तपासता बॅटरी बदलून देणारे दुकानदार कमी नाहीत.

बॅटरीच म्हातारी झाली याची खूण वेगळी असते. २० टक्के दिसत असताना कॅमेरा उघडला, फ्लॅश पडला आणि फोन बंद झाला, चार्जर लावताच पुन्हा १८ टक्के! बॅटरीच्या आतला रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढल्यामुळे झटक्याने प्रवाह मागितला की व्होल्टेज कोसळते. याच कारणासाठी ॲपलने जुन्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केला होता आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते मान्य केले. उरलेली क्षमता काढायची तर ॲक्यूबॅटरीसारख्या ॲपमध्ये बघा: ५००० एमएएच (बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) क्षमतेच्या फोनने २० वरून ८० टक्क्यांवर जाताना २५५० एमएएच घेतले, तर पूर्ण क्षमता २५५० भागिले ०.६, म्हणजे ४२५० एमएएच, ८५ टक्के. एका मोजणीवर जाऊ नका, सात-आठ खेपांची सरासरी घ्या. ज्या फोनमध्ये दोन सेल जोडलेले असतात तिथे ॲपचा आकडा निम्मा दिसू शकतो, घाबरू नका. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली आणि दिवस पुरत नसेल तर बॅटरी बदला.

बदलताना घ्यायची काळजी: फोन उघडण्यापूर्वी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणावा. चिकटवलेली बॅटरी धातूच्या पातीने उचकटू नये, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून प्लॅस्टिकच्या कार्डाने सोडवावी. सेल वाकला किंवा भोसकला गेला तर आत शॉर्ट होऊन तिथेच पेट घेऊ शकतो. नव्या बॅटरीच्या लेबलवर आयएस १६०४६ हा बॅटरी-सुरक्षेच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असावा. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कारखान्याचे नाव येते. नाव भलतेच आले किंवा काहीच आले नाही तर बॅटरी परत करा. सहा हजार एमएएच छापलेली बॅटरी मूळ ५००० च्या जागेत बसत असेल आणि वजनाला हलकी लागत असेल, तर छपाईवर विश्वास ठेवू नका. जुन्या फोनमधून काढलेले सेल नव्या वेष्टनात विकले जातात, चारशे रुपयांत 'ओरिजिनल' मिळते ते असेच.

फुगलेल्या बॅटरीबाबत एकही दिवस थांबू नये. मागचे झाकण उचलले गेले, स्क्रीनच्या कडेने उजेड दिसू लागला, टेबलावर फोन डुलू लागला, की चार्जिंग बंद, फोन बंद, आणि थेट सेवा केंद्र. टोचून हवा काढण्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर आहेत. त्यातला वायू ज्वालाग्राही असतो. काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात गेली तर घंटागाडीच्या दाबयंत्रात पेटू शकते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा सेवा केंद्राने नाही म्हटले तर या नियमाचे नाव घ्या.

शेवटी एक मागणी, जी आपल्या दैनिकाने लावून धरावी. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोनच्या बॅटरीत ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे असा नियम आहे, आणि किती चक्रे टिकते तो आकडा लेबलवर छापावा लागतो. ॲपल स्वतः आयफोन १५ पासून १००० चक्रांचा आकडा सांगते, त्याआधीच्या मॉडेलसाठी ५०० सांगत असे. युरोपच्या 'एप्रेल' या खुल्या नोंदवहीत मॉडेलचे नाव टाकून कोणीही हा आकडा बघू शकतो. फक्त भारतातल्या मॉडेलची बॅटरी कधी कधी वेगळी असते हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे खोक्यावर एमएएच आणि वॉट ठळक छापतात, चक्रांचा मात्र पत्ता नसतो. ग्राहक व्यवहार खात्याने दोन ओळी सक्तीच्या कराव्यात: ८० टक्के क्षमतेपर्यंत किती चक्रे, आणि बॅटरी कोणत्या महिन्यात बनली. दुसरी ओळ सुट्या बॅटरीवरही हवी, कारण गोदामात दोन उन्हाळे काढलेली बॅटरी आज 'नवी' म्हणून विकली जाते आणि ती ओळखणे ग्राहकाला कठीण जाते.

आपला,
एक मोबाइल दुरुस्ती प्रशिक्षक,
अकोला